बोंबल्याचा पट्टा

या, असे पुढं सरका. हरिपाठ आत्ताच संपलाय, महाराज आत चहा घेतायत आणि पखवाजाला लावायची कणीक अजून मळून व्हायची आहे. कीर्तन उभं राहायला अर्धा तास तरी आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो, याच देवळाच्या माईकवर घडलेली. गोष्ट कुत्र्याची आहे. देवाच्या दारात कुत्रा कशाला, असं ज्याच्या मनात आलं त्यानं तर अगदी जवळ येऊन बसावं.

केसरीनाथ शेठचं गोडाऊन तुम्हाला माहीत आहे. दापोड्यात शिरताना डाव्या हाताला, निळ्या पत्र्याचं. तिथं आधी त्यांचं भातशेत होतं. गोडाऊनच्या भिंतीला टेकून शेठनं एक खोली काढलेली, तिच्यात विठू आणि ठकुबाई राहतात. विठू गेटवर वॉचमन. माणसं शहापूरकडची, डोंगराकडेच्या वाडीतली. वरकस जमिनीत पोट भरेना म्हणून वीस वर्षांपूर्वी इकडं उतरली. पोरगा भूपेश छोटा हत्ती टेम्पो चालवतो, गोडाऊन ते गोडाऊन.

ठकुबाई त्याच गोडाऊनात पॅकिंगला आहे. काम असं, की खोकं समोर आलं की कटरनं त्याच्यावरची जुनी चिठ्ठी सोलून काढायची, नवी चिकटवायची, वरून टेप मारायची आणि पुढं ढकलायचं. आठ तास उभ्यानं. वैशाखात वर पत्रा तापतो आणि खाली पाय सुजतात. टेप ओढून ओढून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. सकाळी हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला की मशीन तिला ओळखत नाही. सुपरवायझर म्हणायचा, मावशी बाजूला व्हा, मागची लाईन येऊ द्या. मग ती पदराला अंगठा घाशीत उभी, आणि तिच्या पोरीच्या वयाच्या बायका तिच्याकडं न बघता आत जायच्या.

त्या कामात एक गोष्ट मात्र तिच्या हाडात मुरली होती. खोक्यात काय आहे ते कुणी बघत नाही. चिठ्ठीवर ज्याचं नाव, त्याचा माल. आणि चिठ्ठी निघालेलं खोकं कोपऱ्यात जाऊन पडतं. त्यावर धूळ बसते, उंदीर फिरतात, पण त्याला कुणी हात लावत नाही.

बोंबल्या तिला अशाच एका कोपऱ्यात, भिजलेल्या पुठ्ठ्यांत सापडला होता. मुठीएवढं पिल्लू, डोळे नुकते उघडलेले. तिनं त्याला नाचणीची पेज बोटानं चाटवली. ते रडायचं असं, की विठू म्हणाला, हा कुत्रा हाय का गिरणीचा भोंगा. पुढं महिन्याभरानं त्यानं दोरीवर वाळत घातलेले बोंबील ओढून नेले. बोंब मारतो आणि बोंबील खातो, म्हणून बोंबल्या. तांबडा रंग, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, उजवा कान दुमडलेला. ठकुबाईची ड्युटी दोनला सुटायची. हा पावणेदोनपासून शटरसमोर बसलेला असायचा. आत मशीन तिला ओळखत नव्हतं, बाहेर हा शंभर बायकांतून तिच्या चपलेचा आवाज ओळखायचा. दोन वर्षं असं चाललं.

मग गेल्या साली वैशाख लागला, आणि एक दिवस दोनला शटर उघडलं तर समोर बोंबल्या नव्हता.

तो रस्त्यापलीकडं होता, शेठच्या बंगल्यात. शेठची बायको पार्वती दिवसभर घरात एकटी. शेठ जमिनीच्या कामाला बाहेर, लेक क्षितिजा लग्न होऊन कल्याणला. पार्वतीनं तीस वर्षं चिखलात उभं राहून भाताचं आवण लावलेलं, त्यानं गुडघे गेले. आता खाली पांढऱ्या लाद्या, वर पंखा, आणि दाराशी कुणी येत नाही. उन्हानं तळवे भाजलेला कुत्रा ओटीवर चढला, तर तिनं त्याला हाकललं नाही. कोंबडीच्या माना उकडून घातल्या. लादी थंडगार होती. त्यानं तिच्या पावलावर हनुवटी टेकली आणि झोपला.

ठकुबाईनं हे फाटकातून पाहिलं. हाक मारली. त्यानं डोळे उघडले, शेपटी दोनदा लादीवर आपटली, आणि पुन्हा मिटले.

मत्सराचं असं आहे बघा. कीर्तनात सहा शत्रूंची यादी चालते, तिच्यात तो शेवटी येतो, आणि तोवर लोक घड्याळाकडं बघायला लागलेले असतात. म्हणून त्याच्याबद्दल कुणी नीट ऐकतच नाही. ठकुबाईच्या छातीच्या हाडामागं त्या दुपारी जे पेटलं, त्याला ती नाव देऊ शकली नसती. घरी येऊन तिनं भाकरी कुस्करून ताक घालून ठेवली. संध्याकाळी तो आला, हुंगलं, आणि जिभेनं नाक चाटून बाजूला बसला. पोट भरलेलं होतं. तिनं ते ताट उचलून गटारात पालथं केलं. विठू म्हणाला, खाऊ दे की तिकडं, आपलं एक तोंड कमी झालं. त्या रात्री ती विठूशी बोलली नाही.

पार्वती मनाची वाईट नव्हती, हेही सांगायला पाहिजे. तिनं त्याला भिवंडीत नेऊन सुई टोचून आणली. कार्डावर नाव लिहायला विचारलं, तर बोंबल्या सांगायची तिला लाज वाटली. रॉकी सांगितलं. आणि येताना एक पट्टा आणला, लाल चामड्याचा, त्यावर पितळेची चकती. चकतीवर 'रॉकी' आणि खाली पार्वतीचा मोबाईल नंबर, कोरून. हरवला तर कुणी फोन करील, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

पट्टा बघून सगळ्यांत आधी कमळ बोलली. कमळ ठकुबाईच्या शेजारच्या टेबलावर टेप मारायची, आणि तिच्या तोंडाला टेप नव्हती.

"कुत्रा तर शेठाकडं गेला, ठकुबाय. आता विठूदादाला जप. त्याच्या पन गल्यात नंबर पडंल."

सगळ्या हसल्या. ठकुबाईही हसली, आणि कटर जरा जोरात फिरला, खोक्याच्या आतला माल कापला गेला. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर ते खोकं उंच धरून दाखवलं.

तिला दिसत होतं ते एवढंच: कुत्र्यावर चिठ्ठी लागली. आता उद्या तो वाटेत कुणाला सापडला तरी फोन बंगल्यात वाजणार. दुधावरून आलेल्या, टेम्पोवरून आलेल्या, सगळ्या माणसांच्या तोंडी शेठचा कुत्रा, पार्वतीवैनींचा रॉकी. दोन वर्षांची पेज पुसून गेली. जुनी चिठ्ठी सोलायची आणि नवी लावायची, हे काम तिला दुसऱ्या कुणापेक्षा चांगलं येत होतं.

गुरुवारी ड्युटीवरून सुटल्यावर तिनं कटर ओच्यात घालून आणला. बोंबल्या खोलीपाशी आला तेव्हा त्याला मांडीशी घेतलं. तो विश्वासानं मान वर करून बसला. चामडं जाड होतं, तीन-चारदा घासावं लागलं. पट्टा गळून पडला तशी तिनं त्याच्या मानेवरची दबलेली लव बोटांनी उलटी-सुलटी केली, जागा दिसू नये म्हणून. पट्टा ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी ठेवला. रविवारी भिवंडीच्या बाजारात जायचं, साधा का होईना पट्टा घ्यायचा आणि त्यावर विठूचा नंबर घालायचा, असं तिनं ठरवलं होतं. तिचा स्वतःचा फोन नव्हता.

पार्वतीला तिनं काही सांगितलं नाही. शुक्रवारी पार्वतीला कल्याणला लेकीकडं जायचं होतं, त्यामुळं तिला दिसलंही नाही.

रविवार यायच्या आधी शनिवार आला. शनिवारी मैदानावर क्रिकेटची फायनल. आपल्याकडं मॅच म्हणजे काय असतं, ते मी कशाला सांगू. बक्षिसाला मोटारसायकल होती, समालोचन करणारा सकाळपासून घसा फाडत होता. चारच्या सुमाराला शेवटच्या चेंडूवर षटकार गेला आणि कुणीतरी दहा हजार फटाक्यांची माळ पेटवली. वर आकाशात दणदणणारे डबे. गोडाऊनचे पत्रे थरथरले.

बोंबल्या खोलीच्या सावलीत होता. तो उठला तो सरळ गेटकडं. विठू गेटवरच उभा होता, टेम्पो आत घेत होता. त्यानं वाकून दोन्ही हात घातले, पण बोंबल्या निसटला आणि रस्त्यावर दिसेनासा झाला. विठू नंतर कितीतरी दिवस ते सांगत होता.

"मानंला हात घातला गं मी. धरायला कायच न्हवतं. नुसतं केस आलं हातात. पट्टा कुठं गेला त्याचा?"

ठकुबाई म्हणाली, "सुटला आसंल कुठंतरी."

तिथं ती अडकली. खोटं तेवढंच बोलली, पण त्याच्यावर पुढचे चार दिवस उभे राहिले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत तिनं गोडाऊनच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. टेम्पोंच्या खाली वाकून बघितलं, ऑईलनं गुडघे माखले. बोंबल्या, बोंबल्या. ड्रायव्हर लोक हसायचे, क्या चिल्लाती है मौसी, मछली बेचती है क्या. रात्री तिनं त्याचं ताट बाहेर ठेवलं आणि स्वतः पांघरायची गोधडी उंबऱ्याबाहेर टाकली, वासावर येईल म्हणून, आणि आपण उंबऱ्यातच आडवी झाली. सकाळी त्या गोधडीवर दुसरीच दोन कुत्री बसली होती.

रविवारी पार्वती परत आली, आणि शोध मोठा झाला. शेठनं दोन पोरं मोटारसायकलीवर राहनाळकडं पिटाळली. क्षितिजानं कल्याणहून मोबाईलवर चिठ्ठी बनवून सगळ्या ग्रुपवर टाकली: बोंबल्याचा बंगल्याच्या लादीवरचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरात, गळ्यात लाल पट्टा, पट्ट्यावर नाव व नंबर. तिच्याच प्रती काढून नाक्यानाक्यावर चिकटवल्या. त्या चिकटवायला ठकुबाईलाच सांगितलं, हात सरावाचा म्हणून. तिनं भूपेशच्या टेम्पोतून फिरून पन्नास कागद चिकटवले, एकही वाकडा नाही. प्रत्येक कागदावर तिच्या अंगठ्याखाली तो लाल पट्टा यायचा.

इथं देवळात तेव्हा सप्ताह बसला होता. दाजींना तुम्ही ओळखता, माईक म्हणजे त्यांची वडिलोपार्जित इस्टेट. हरिपाठाच्या आधी त्यांनी घसा साफ करून सूचना दिली, की शेठच्या घरचा रॉकी नावाचा कुत्रा हरवला आहे, गळ्यात लाल पट्टा आहे, दिसल्यास कळवावे. चारी भोंग्यांतून ते पार खाडीपर्यंत गेलं. पार्वती पुढं खुर्चीवर बसली होती. ऐकताना तिला रडू आलं. बायका उठल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात फिरवला. ठकुबाई मागं खांबाला टेकून बसली होती, आणि ऐका, तिला त्या रडण्याचाही हेवा वाटला. ही रडते तर चार जणी धावतात. आपण उंबऱ्यात झोपलो ते कुणाला माहीत. आणि आपल्याला तर रडायचीही सोय राहिली नाही.

सोमवारी, मंगळवारी ड्युटी होतीच. तिच्या हातातून चिठ्ठ्या चुकायला लागल्या. मुंबईचा माल नाशिकच्या ढिगात. सुपरवायझर बोलला, ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी भूपेश टेम्पो लावून आला, तोंडावर पाणी मारलं आणि चुलीपाशी बसून सांगायला लागला. मानकोलीच्या पुढं एका मोठ्या गोडाऊनवर तो माल टाकायला गेला होता. तिथल्या गेटवर एक भैया होता. भूपेशनं त्याला मोबाईलवर फोटो दाखवला. तो म्हणाला होता, "ऐसा कुत्ता तो आया था, इतवार को. लंगड़ा रहा था. पानी के लिए घुस रहा था अंदर. पर उसके गले में पट्टा नहीं था भाई, तो हमने डंडा मार के भगा दिया."

विठू म्हणाला, "मंग तो दुसरा आसंल. आपल्याच्या गळ्यात पट्टा व्हता." मग स्वतःच म्हणाला, "का न्हवता?"

ठकुबाई भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली, आणि उलटायची विसरली. भाकरी जळून धूर झाला तेव्हा विठूनंच ती चिमट्यानं काढली.

त्या रात्री तिनं मनाशी काय काय उलगडलं, ते तिनं पुढं माझ्या घरच्यांना सांगितलं. सांगावं, तर खोली शेठची, विठूची नोकरी शेठची. मालकिणीनं हौसेनं आणलेली वस्तू कापली म्हणायचं, ट्रंकेत लपवली म्हणायचं, म्हणजे चोरीच की. पावसाळा तोंडावर, जायचं कुठं. आणि न सांगावं, तर सगळा मुलूख लाल पट्टा शोधतोय आणि मोकळ्या मानेचा कुत्रा पाणी मागेल त्या दारातून काठी खातोय. आपणच लावलेले पन्नास कागद त्याला हाकलतायत.

बुधवारचा दिवसही तिनं घालवला. माणूस लगेच चांगला होत नाही. दोनला सुटली, घरी गेली, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मग ट्रंक उघडून पट्टा काढला, पदराखाली घेतला आणि हरिपाठाच्या वेळी देवळात आली. आज मागं खांबापाशी न थांबता बायकांच्या मधून वाट काढत थेट दाजींपुढं गेली आणि म्हणाली, माईक द्या.

दाजी म्हणाले, काय सूचना असेल ती सांग, मी बोलतो. ती म्हणाली, ही तुम्हाला बोलता यायची नाही. दाजींनी इकडं तिकडं बघितलं. टाळकरी थांबले होते. मग त्यांनी माईकची मान वाकवून तिच्या तोंडापाशी आणली.

"मी ठकुबाई. वॉचमन विठूची बायको. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा न्हाय. पट्टा बघू नका. पट्टा मी कापला, ह्यो बघा. त्याच्यावर पार्वतीवैनींचा नंबर व्हता, माजा न्हवता, म्हणून कापला. तांबडा कुत्रा हाय. चारी पाय पांढरं, उजवा कान दुमडल्याला. बोंबल्या म्हणलं तरी येतो, रॉकी म्हणलं तरी येतो. मान मोकळी हाय त्याची. तुमच्या दारात आला तर हाकलू नका."

भोंग्यांतून तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिला काय करायचं ते कळेना, म्हणून तिनं माईकला हात जोडले आणि चपला काढल्या होत्या तिथं जाऊन उभी राहिली. मागं कुजबुज उठली. कमळनं तोंडाला पदर लावला.

पार्वती खुर्चीचे हात धरून उठली. गुडघ्यांमुळं तिला तेवढं अंतर यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ ठकुबाई चपलांकडं बघत राहिली.

"ठकू," पार्वती म्हणाली, "मी तुला कंदी बोललू का गो, कुत्रा माजा हाय म्हणून?"

"न्हाय."

"मंग?"

"तुमी न्हाय बोललात. पट्टा बोलला."

पार्वतीनं तिच्या हातातला पट्टा घेतला. चकतीवरून अंगठा फिरवला. "मना इचारायचं तरी. तुजा पन नंबर घातला असता."

"माजा नंबर हाय कुठं वैनी."

पार्वतीचं तोंड लाल झालं होतं, रागानं की कशानं ते सांगता येणार नाही. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात देवळाच्या टाकीवर पाणी प्यायला थांबलेला एक रिक्षावाला पुढं आला. त्यानं विचारलं, कान दुमडलेला म्हणालात ना. मानकोलीच्या पुलाखाली एक म्हातारी ताडगोळे विकायला बसते. तिच्याजवळ असाच कुत्रा बसलेला असतो, तीन-चार दिवस बघतोय. परवाची सूचना त्यानं ऐकली होती, पण पट्टा लाल सांगितला, आणि त्याच्या गळ्यात तर कापडाची चिंधी. म्हणून तो नसेल असं वाटलं.

पार्वती ठकुबाईला म्हणाली, "भूपेशला गाडी काढाय सांग."

छोट्या हत्तीत पुढं दोघांचीच जागा असते. त्यात भूपेश आणि दोन बायका. दोघींचे खांदे एकमेकींना घासत होते आणि दोघी समोरच्या काचेकडं बघत होत्या. ट्रॅफिक होतं. कंटेनरच्या मागं कंटेनर. अर्ध्या वाटेत पार्वती एकदाच बोलली, माना उकडून घालायच्या तर मीठ नाही ना घालायचं, असं तिनं विचारलं. ठकुबाई म्हणाली, मीठ नाही चालत त्याला.

पुलाखाली सावलीत एक काटकुळी म्हातारी बसली होती. पुढं ताडफळांचा घड, पळसाच्या पानावर सोललेले पांढरे गोळे, हातात कोयता. आणि तिच्या पाटीच्या आडोशाला बोंबल्या.

टेम्पोचं दार वाजलं तसे त्याचे कान उभे राहिले, म्हणजे एक उभा राहिला. तो लंगडत आला. ठकुबाईच्या हातात नाक खुपसलं आणि तोंड वर करून अशी काही बोंब ठोकली, की पुलाखालची माणसं वळून बघायला लागली. मग पार्वतीचे गुडघे हुंगले, दोन्ही. दोघी रस्त्यावरच फतकल मारून बसल्या होत्या. त्याचं सगळं झालं, आणि तो वळला, आणि परत जाऊन म्हातारीच्या पाटीपाशी बसला.

ठकुबाईच्या छातीत तेच पुन्हा पेटलं. चार दिवसांच्या ओळखीची बाई ही. तिची नजर त्याच्या गळ्यावर गेली. हिरव्या काठाची चिंधी, गाठ मारलेली. काठाखाली दोन बोटं जातील इतकी सैल. तिचा हात आपोआप गाठीकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या तिथं," म्हातारी म्हणाली. "कुत्री धरायची गाडी फिरती हितं. गळ्यात कायतरी दिसलं की सोडत्यात. म्हणजे कुनाचं तरी हाय. माज्याकडं पट्टा कुठला, म्हणून काठ फाडला."

तिच्या अंगावरच्या लुगड्याचा एका बाजूचा काठ खरंच नव्हता. दोरे लोंबत होते. ठकुबाईनं हात मागं घेतला.

म्हातारीचं नाव धोंडूबाई. तिनं सांगितलं ते असं: रविवारी दुपारी तो आला तेव्हा डांबरानं तळवे सोललेले होते आणि पाठीवर काठीचा वळ. तिनं हळद-खोबरेल लावलं. तिच्याकडं भाकरी एक, ती अर्धी केली. ताडगोळ्याचं पाणी त्याला आवडलं. कागद तिनं पाहिला होता, पण वाचता येत नव्हता. फोटोत पट्टा होता, याच्या गळ्यात नव्हता. तिला वाटलं, नसेल तो.

मग कोयता खाली ठेवून म्हणाली, "खरं सांगू का बायांनो, नसावा आसं पन वाटायचं."

पार्वतीनं पदरानं डोळे पुसले. धोंडूबाईनं विचारलं, "नाव काय हो याचं?"

मग ठकुबाई म्हणाली, "रॉकी म्हणत्यात. बोंबल्या पन म्हणत्यात."

"आस्सं," धोंडूबाई म्हणाली. "मी नुसतं 'ए' म्हणायची. यायचा."

पार्वतीनं पैसे पुढं केले, तिनं घेतले नाहीत. डझनभर गोळे पानात बांधून उलट यांच्याच ओटीत घातले. बोंबल्याला तिनं स्वतः उचलून टेम्पोच्या फळीवर ठेवलं, पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाली, जा, घरची आली. आणि पाठ करून बसली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, तरी तिनं एक फळ ओढलं आणि कोयता मारला. दुसरं ओढलं. टेम्पो वळेपर्यंत कोयत्याचा आवाज येत होता. बोंबल्या फळीवरून मागं बघून बोंबलत होता, आणि या वेळी दोघींपैकी कुणी त्याला गप्प केलं नाही.

पुढचं थोडंच आहे. शेठ दोन दिवस गुरगुरला, पण खोली राहिली आणि नोकरीही राहिली. पार्वती आठवडाभर ठकुबाईशी धड बोलली नाही, मग एक दिवस पातेल्यात माना घेऊन स्वतः रस्ता ओलांडून आली. नवा पट्टा आला. त्याच्यावर काय कोरलंय, ते गोडाऊनवर गेलात तर बघा, मी नाही सांगत. धोंडूबाईची चिंधी मात्र झिजून गळून पडेपर्यंत कुणी सोडली नाही.

पंधरा दिवसांनी ठकुबाई भूपेशबरोबर मानकोलीला गेली. चार नाचणीच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, आणि पेटीतलं एक धड लुगडं, हिरव्या काठाचं. पुलाखाली नुसत्या ताडाच्या करवंट्या पडलेल्या. हंगाम सरला होता. शेजारच्या पाणीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, हाँ, थी एक बुढ़िया, गाँव गई होगी. कुठलं गाव, त्याला माहीत नव्हतं. आसपासच्यांत मुरबाडकडची असं एक म्हणाला, वाड्याकडची असं दुसरा.

यंदा पुन्हा ताडगोळे आले. ठकुबाई दोनदा जाऊन आली. पुलाखाली तीन बायका बसतात, त्यांच्यापैकी एकही ती नाही. मग ती दाजींकडं आली, सूचना द्या म्हणाली. दाजींनी माईक हातात घेतला. काय सांगू, म्हणाले. गाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही, फोन तिच्याकडं नव्हताच, फोटो कुणी काढला नाही. त्यांनी माईक तसाच धरून ठेवला थोडा वेळ, आणि मग टाळ वाजायला लागले.

कुत्र्यासाठी चार दिवस भोंगे वाजले होते. म्हणून चार माणसं बसलेली दिसली की मी ही गोष्ट सांगतो. महाराज उठलेच आता, तेव्हा एवढंच मागतो. अंगानं काटकुळी. ताडगोळे सोलताना जीभ दातांत धरते. हिरव्या काठाचं लुगडं, एका बाजूचा काठ फाडलेला. धोंडूबाई नाव. तुमच्यात गावोगाव हिंडणारी माणसं आहेत. तिची आठवण असू द्या.